आत्ती, मामा आणि आप्पासो

मुंबईत वाढलेल्या आणि वर्षभरापूर्वी लग्न होऊन कोल्हापुरात आलेल्या एका ताईंनी तीन प्रश्न विचारलेत. सासूबाई त्यांच्या सासूला 'आत्ती' आणि सासऱ्यांना 'मामा' म्हणतात, लग्न तर नात्यातलं नाही, मग हे आलं कुठनं? चुलत सासऱ्यांचं नाव सातबाऱ्यावर आप्पासो आणि शाळेच्या दाखल्यावर दत्तात्रय, माणूस एकच, ही काय भानगड? आणि चुलता म्हणजे ज्यानं चूल वेगळी केली तो, हे खरं का?

शेवटच्याचं उत्तर पहिलं देतो कारण ते लवकर संपतं. नाही, खरं नाही. चुलत्याचा चुलीशी काही संबंध नाही. ऐकायला लई भारी वाटतं, वाटणीच्या भांडणात तर फिट्ट बसतं, पण शब्द चुलीचा नाहीच. संस्कृतात क्षुल्ल म्हणजे लहान, क्षुल्लतात म्हणजे बापाचा धाकटा भाऊ, प्राकृतात क्षुल्लचं चुल्ल झालं आणि चुल्ल अधिक तात घासत घासत चुलता. म्हणजे 'लहान बाप'. आमच्यात मोठ्या चुलतीला थोरली आई म्हणतात बघा, त्याच चालीवर. चूल नंतर लोकांनी चिकटवली, आणि एकदा चिकटली की निघत नाही, माझ्याकडं येणारे दहातले सहा जण तरी हेच सांगतात आणि वर "आमच्या आज्ज्यानं सांगितलंय" म्हणतात, मग आज्ज्यापुढं आपण काय बोलणार.

मी मोडी वाचून देतो. गेली २६ वर्षं. वाटणीपत्रं, वारसाच्या नोंदी, जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी), कुठं पुराभिलेखागारातनं काढलेल्या नकला, कुठं माळ्यावरच्या ट्रंकेतले उंदरानं कुरतडलेले कागद. लोकांना वाटतं मोडी वाचणं अवघड. मोडी महिन्या-दोन महिन्यात येते हो, नाव वाचणं अवघड. अक्षर लागतं पण माणूस लागत नाही. कागदावर बाळा, दुसऱ्या कागदावर बाळगोंडा, तिसऱ्यावर बाळासो, आणि हे तिघे भाऊ आहेत का एकच माणूस आहे हे अक्षरावरनं कधीच कळत नाही. ते कळतं एकाच गोष्टीवरनं, ही हाक मारतंय कोण. तुमच्या तिन्ही प्रश्नांतले उरलेले दोन याच किल्लीनं उघडतात म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

आधी आत्ती आणि मामा. आमच्या भागात जुन्या रीतीनं मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क. म्हणजे पोरीच्या बाजूनं बघितलं तर ती आत्याच्या घरी सून म्हणून जाणार. आता त्या पोरीच्या तोंडनं हाक मारून बघा. सासू कोण, तर आत्या. सासरा कोण, तर आत्याचा नवरा, आणि त्याला इकडं मामाच म्हणतात. लहानपणापासनं ज्यांना आत्ती आणि मामा म्हटलं ते लग्नानंतर एकदम सासूबाई आणि सासरे थोडेच होणार, तीच हाक चालू राहिली. मग ज्यांचं लग्न नात्यात झालं नाही त्याही सुना तेच म्हणायला लागल्या, कारण तोवर 'आत्ती' हे सासूचंच नाव होऊन बसलं होतं. पुस्तकी मराठीतला 'मामंजी' म्हणजे सासरा, तोही इथलाच. लग्नं बाहेर व्हायला लागली, हाक घरातच राहिली.

नदीपलीकडं कन्नडमधे तर दोन शब्दच नाहीत. अत्ते म्हणजे आत्या पण आणि सासू पण. माव म्हणजे मामा पण आणि सासरा पण. निपाणीकडची सून आणि कागलकडची सून दोघी एकच गोष्ट दोन भाषांत बोलतात. आणि हे सगळं कन्नडकडनं उसनं आलंय असं पण घाईनं म्हणू नका, कारण हाल सातवाहनाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे आपल्या महाराष्ट्री प्राकृतात, सून सासूला 'अत्ता' म्हणते. तुमच्या सासूबाईंची आत्ती एवढी जुनी आहे. मेहुणा-मेहुणीचं पण असंच, मुळात मैथुन म्हणजे जोडी, त्यावरनं मेहुण, आणि प्राकृतात मेहुणिआ म्हणजे बायकोची बहीण पण आणि मामाची पोरगी पण. ज्या घरात लग्न होऊ शकतं तिथले सगळे एका शब्दात बसवलेत.

इरावती कर्व्यांनी १९५३ साली भारतातल्या नात्यांवर जे काम छापलं त्यात महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात टाकलाय, उत्तर आणि दक्षिण यांच्या मधे. उत्तरेत मामाच्या पोरीशी लग्न म्हटलं तर लोक कानावर हात ठेवतील, दक्षिणेत बऱ्याच जातीत ते सर्रास, आणि आपल्यात अर्धं अर्धं. मामाची पोरगी चालते, आत्याची पोरगी करायला मात्र जुन्या बायका नाक मुरडायच्या, 'वेल परत फिरवू नये' म्हणायच्या, म्हणजे ज्या घरात आपली पोरगी दिली तिथली पोरगी उलट आणायची नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात एवढ्या जवळच्या नात्यात लग्नाला मनाई आहे पण त्यात रूढीची सवलत ठेवलीये, दोघांकडं तशी रूढी असेल तर चालतं. (जाता जाता, इरावती हे नाव पण बघा, त्यांचा जन्म १९०५ चा ब्रह्मदेशातला आणि नाव तिथल्या इरावती नदीवरनं ठेवलं. आपल्याकडं कृष्णा, वारणा ठेवतात तसं.)

बाकीचे नात्यातले शब्द मी पटापट सांगतो, त्यात फार भांडण नाही. मावशी म्हणजे मातृष्वसा, आईची बहीण, सरळ. सून म्हणजे स्नुषा. नातू म्हणजे नप्तृ, पणतू म्हणजे प्रनप्तृ. भावजय म्हणजे भ्रातृजाया. माहेर म्हणजे मातृगृह, आणि मला हे फार आवडतं की त्यात बाप कुठंच नाही, घर बापाच्या नावावर, सातबारा बापाच्या नावावर, पण पोरीसाठी ते आईचं घर. सासर मात्र सासऱ्याचं, श्वशुराचं. आज्जा-आज्जी हे आर्य-आर्या वरनं, कन्नडमधे पण अज्ज आणि अज्जी, त्यामुळं सीमेवर कुणाला अनुवाद करायला लागत नाही. साडू ऐकून हसाल, तो श्यालीवोढृ, बायकोच्या बहिणीला लग्न करून नेणारा. एवढा लांबलचक शब्द झिजून दोन अक्षरांचा झाला.

आता अण्णा, आप्पा, आक्का. कन्नडमधे अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अप्पा म्हणजे बाप, अक्का म्हणजे थोरली बहीण. आक्का संस्कृतातही होती पण तिथं अर्थ आई, पाणिनीचा एक नियमच आहे आईवाचक शब्दाला हाक मारताना शेवट ऱ्हस्व होतो म्हणून, आणि त्याच्या उदाहरणात अम्ब, अक्क, अल्ल अशा हाका दिल्यात. बरं मग कोल्हापुरात कित्येक घरात बापाला अण्णा किंवा दादा का म्हणतात आणि आईला आक्का किंवा वहिनी का? परत तेच, हाक कुणाची. एकत्र कुटुंब, सोप्यात पंधरा माणसं. धाकटे चुलते पोराच्या बापाला दिवसभर "अण्णा" म्हणतात, आईला "वहिनी" म्हणतात. पोरगं बोलायला शिकतं ते हे ऐकून. ते पण अण्णा म्हणतं, सगळे हसतात, कोण दुरुस्त करत नाही, आणि पन्नास वर्षांनी त्या पोराच्या तोंडात बापाचं नाव 'अण्णा'च. मी असे फॉर्म बघितलेत ज्यात वडिलांचं नाव 'दादा' लिहिलंय आणि पोरगं शपथेवर सांगतंय की हेच खरं नाव.

आणि इथनं आपण तुमच्या चुलत सासऱ्यांवर येतो.

रीत अशी की आज्ज्याचं नाव नातवाला ठेवायचं, विशेषतः आज्जा आधी वारला असेल तर. पाळण्यात नाव ठेवलं दत्तात्रय. आता ह्या पोराच्या आईनं त्याला हाक मारायची कशी? ते तिच्या सासऱ्याचं नाव, ते तोंडातनं काढायचं नाही. मग ती म्हणते आप्पा. किंवा आबा, नाना, तात्या, बापू. तीन वर्षाचं शेंबडं पोरगं आणि त्याला आप्पा, म्हणजे बाप म्हणायचं, पण सासऱ्याचा मान राखला गेला. गल्ली पण आप्पाच म्हणायला लागते. पोरगं शाळेत घालताना मास्तरनं पाळण्यातलं नाव विचारलं, दाखल्यावर दत्तात्रय लागलं. पुढं मोठा झाला, सोसायटीत गेला, चार लोक मान द्यायला लागले, आप्पाचा आप्पासाहेब झाला. आणि तलाठ्यानं फेरफार लिहिताना गावात जे नाव चालतं ते लिहिलं, तेही जागा कमी म्हणून साहेबचा 'सो' करून. आप्पासो, बाबासो, दादासो, अण्णासो, बाळासो. हे 'सो' कोल्हापूर-सांगली सोडून बाहेर गेलं की लोक विचारतात हे काय. काय नाही ओ, साहेबांचं शॉर्टकट आहे. पण सातबारा कॉम्प्युटरवर आला आणि ज्यानं टाईप केलं त्यानं जसंच्या तसं आप्पासो टाकलं, आता कॉम्प्युटरच्या दृष्टीनं आप्पासो आणि आप्पासाहेब दोन माणसं आणि दत्तात्रय तिसरा.

खाशाबा जाधवांचं पूर्ण नाव बघा, खाशाबा दादासाहेब जाधव. वडिलांचं नाव दादासाहेब. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकच्या पदकाशेजारी एक घरातली हाक जाऊन बसलीये.

नाव न घेण्याची रीत किती लांब जाते याचा माझ्या टेबलावरचा एक कागद सांगतो. करवीर तालुक्यातलं गाव, १४ गुंठ्यांचा व्यवहार, आणि बँकेच्या वकिलानं अडवलं. म्हातारी गेलेली, जुन्या एका फेरफाराला तिचं नाव 'लक्ष्मी भ्रतार महादेव' (भ्रतार म्हणजे नवरा), आणि बाकी सगळीकडं नवऱ्याचं नाव सोमा. वकील नातवांना सरळ म्हणाला, तुमच्या आज्जीची दोन लग्नं झाली होती काय. नातू तिथंच हातघाईवर आले म्हणे. मग ती पिशवी माझ्याकडं आली. मी मूळ मोडीत बघितलं, महादेवच होतं, अक्षर स्वच्छ, शंका नाही. दोन दिवस कागद उलथेपालथे केले. शेवटी म्हटलं घरात म्हातारं माणूस कोण आहे, तर म्हातारीची थोरली लेक, पंचाहत्तरीच्या पुढची, तिच्याकडं गेलो. सोप्यात बसून शेंगा फोडत होती. मी विचारलं, आईनं दुसरं नाव कधी सांगितलेलं काय? तिनं शेंगेवरनं नजर पण काढली नाही. "आई उभ्या जल्मात सोमवार म्हणली न्हाई. म्हादेवाचा वार म्हणायची. बाचं नाव तोंडात कसं घ्यायची? चावडीत मी संगंच होतो की. नवऱ्याचं नाव इचारलं तर म्हणली, म्हादेवाचा वार हाय न्हवं, त्येच."

लिहिणाऱ्याला वार कळला नसणार, त्यानं महादेव ऐकलं आणि महादेव लिहिलं. अंगठा मारून म्हातारी घरी आली. साठ वर्षांनी नातवांच्या गळ्यात. (आणि "मी संगं होतो" वाचून दचकू नका ताई, आमच्या बायका आलो, गेलो, होतो असंच बोलतात, तुमच्या कानावर एव्हाना आलंच असेल.) तोंडी सांगणं कचेरीत चालत नाही म्हणून मग ह्या लेकीचीच जन्मनोंद काढली, गाव नमुना १४ मधे, त्यात बाप सोमा आई लक्ष्मी असं सापडलं, त्याला प्रतिज्ञापत्र जोडलं आणि जमीन महसूल कायद्याच्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद म्हणून तहसीलदारांकडं अर्ज. आठ महिने गेले, पण झालं.

टोपणनावांबद्दल तुम्ही विचारलं नाही पण कागदात ती येतातच. दगडू, धोंडू, कचरू, भिकू, उकिरडा. नवीन पोरं हसतात. ह्याच्या मागं रडणं आहे. आधीची पोरं जगली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचं की मरणाला त्याचा हेवा वाटू नये. भिकाजी म्हणजे भीक मागून मिळालेला. नथू म्हणजे पोराचं नाक टोचून नथ घातलेला, मुलगी समजून नजर चुकावी म्हणून. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत एका आईची तीन-चार पोरं गेलेली दिसतात आणि त्याखाली दगडू, तिथं मी दर वेळी थांबतो. गुंडू मात्र ह्यात धरू नका, कन्नड गुंडु म्हणजे गोल गरगरीत, गुटगुटीत पोराला लाडानं ठेवलेलं नाव, त्याचा गुंडगिरीशी संबंध नाही. आणि नकोशी, नकुसा हे वेगळंच प्रकरण. ते पोरीला वाचवायला नव्हतं, पोरी थांबवायला होतं. शेजारच्या सातारा जिल्ह्यात २०११ साली अशा २८५ मुलींची नावं जाहीर कार्यक्रमात बदलली. मला अजूनही कागदात नकुसा दिसते आणि तिच्या पुढच्या ओळीला बहुतेक वेळा भाऊ असतो.

आडनावावर मी कधीच जास्त भरवसा ठेवत नाही, ते सगळ्यात पटकन बदलतं. बाबूराव पेंटर घ्या, मूळ आडनाव मेस्त्री, पडदे रंगवता रंगवता पेंटर झाले, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तीपण पेंटर म्हणूनच. शाहू महाराजांचं तर पूर्ण नावच बदललं, १८७४ ला जन्म कागलच्या घाटग्यांकडं, नाव यशवंतराव, १८८४ ला दत्तक आले आणि शाहू झाले. दत्तकपत्र हातात नसेल तर कागदावर हे दोन वेगळे लोक. पदावरनं आलेली आडनावं तर आमच्याकडं रग्गड: चौगुले, सरनोबत, चिटणीस, पोतनीस. त्यातलं 'नीस' म्हणजे फारसी नवीस, लिहिणारा. शिकलगार म्हणजे हत्याराला पाणी देणारा, नदाफ म्हणजे कापूस पिंजणारा. आणि हातकणंगले-शिरोळकडं पायगोंडा, सातगोंडा, भीमगोंडा अशी नावं दिसली की त्यातला गोंडा म्हणजे कन्नड गौड, गावचा पाटील. कर्मवीर भाऊराव पाटील कुंभोजचे, त्यांच्या वडिलांचं नाव पायगोंडा. पोराचं नाव मराठी भाऊराव आणि बापाचं कन्नड वळणाचं, एका पिढीत सीमा ओलांडली.

बायकांची नावं शोधणं सगळ्यात जिकिरीचं. माहेरचं एक, लग्नात तांदळात अंगठीनं लिहिलेलं दुसरं, आणि घरात तिसरंच. मोडी कागदात 'कोम' दिसलं तर ती कुणाची तरी बायको, 'बिन' दिसलं तर मुलगा. कोमच्या आधीचं नाव सासरचं असतं हे धरून चाला आणि माहेरच्या गावात त्या नावानं शोधू नका, लोक वर्ष वर्ष घालवतात. १ मे २०२४ पासनं जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आईचं नाव पण लागतं, बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. आमच्या धंद्याला हे पुढं लई सोपं जाणार, फक्त ते कागद वाचायला तेव्हा मी नसणार.

तर ताई, तुमच्या कामाचं सांगतो. चुलत सासऱ्यांच्या आज्ज्याचं नाव काय होतं ते पहिलं विचारा. दत्तात्रय निघालं तर माझा अंदाज बरोबर. मग शाळेचा दाखला, आप्पासोच्या नावचा फेरफार आणि जन्मनोंद हे तीन एकत्र ठेवा, तिन्हीत आईचं नाव जुळतंय का बघा, बापाच्या नावापेक्षा ते जास्त उपयोगी पडतं. जुळलं तर 'दत्तात्रय उर्फ आप्पासो उर्फ आप्पासाहेब' असं प्रतिज्ञापत्र करून तलाठ्याकडं अर्ज, आणि उर्फ एकदाच सगळी नावं घालून करा, एक एक करत बसलात तर तीन खेपा. राजपत्रात नाव बदलायच्या भानगडीत पडू नका, नाव बदललेलंच नाहीये. सासूबाई आहेत तोवर त्यांच्याजवळ वही घेऊन बसा आणि प्रत्येक माणसाच्या नावापुढं ही हाक पहिल्यांदा कुणी मारली तेवढं लिहून घ्या. सासऱ्यांचं नाव त्या सांगणार नाहीत, ते दुसऱ्या कुणाला विचारा. फेरफाराचा फोटो पाठवणार असाल तर उन्हात काढा, आणि घडी पडलीये तिथं बोटानं नुसतं सपाट धरा, इस्त्री फिरवू नका, परवाच एकानं फिरवली आणि बिनच्या पुढचं नावच उडालं.